उजेडाचा ठेकेदार

धाराशिव जिल्ह्यात नाच कुठलाही असो, शेवटचा शब्द लाईटवाल्याचा असतो. नाच बसवणारे सर बदलून जातात, पोरं दहावी होऊन जातात, प्रमुख पाहुणे येतो येतो म्हणून येत नाहीत. लाईटवाले अण्णा मात्र कायम. प्रत्येक तालुक्याला एक अण्णा आहेच. उमरग्याचे अण्णा मधूनच कानडी बोलतात, परंड्याचे अण्णा सामान बार्शीहून आणतात, कळंबचे अण्णा लातूरचा भाव सांगतात. एवढा फरक सोडला तर मूस एकच.

अण्णांचं खरं नाव पावतीपुस्तकावर छापलेलं आहे, आणि पावतीपुस्तक अण्णा सहसा काढत नाहीत. त्यावर अजून ‘जि. उस्मानाबाद’ आहे. 2023 मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं तेव्हा छोट्या हत्तीवरचा बॅनर अण्णांनी लगोलग बदलला, कारण बॅनरचं दुकान भाच्याचं. पावतीपुस्तकाचं विचारलं तर म्हणाले, “जुना स्टॉक संपू द्या की.” पावती फाडल्याशिवाय तो संपणार कसा, हे विचारायचं धाडस आमच्या कारकुनाला झालं नाही. मलाही झालं नाही. मी शाळेच्या सांस्कृतिक समितीत आहे आणि गॅदरिंग तोंडावर आलं होतं.

अण्णांचं वर्ष पंचांगावर चालतं. गणपती, मग नवरात्र, मग शाळा-कॉलेजांची गॅदरिंगं, मग लग्नसराई, आणि चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरीची जत्रा. दुपारी तीनला येतो म्हणालेले अण्णा दिवेलागणीला उगवतात. उशीर का झाला विचारलं तर उलट आपल्यालाच विचारतात, “आवो, उजेडात लाईट काय दिसतंय का?” खिशात टेस्टर, मनगटात चिकटपट्टीचं वेटोळं, वायर सोलायला दात. बरोबर दोन पोरं. एक खांबावर चढतो, दुसरा खाली उभा राहून त्याचा मोबाईल सांभाळतो. “ए, तीन नंबर मार!” अशी आरोळी झाली की आठ नंबरचा लाईट लागतो. अण्णा म्हणतात, “हां, तोच.”

अण्णांचं नृत्यशास्त्र सोपं आहे. नाचात हललं पाहिजे. पण नाचणाऱ्यानंच हललं पाहिजे असं कुठं लिहिलंय? लाईट हलला तरी काम होतं. गावातली निम्मी पोरं स्टेजवर चढली की पहिल्या ओळीतल्या आईला बघून खांब होतात. तेव्हा अण्णा दोन्ही शार्पी सोडतात. शार्पी म्हणजे ती मान गरगर फिरवणारी बत्ती, जिचा झोत आभाळापर्यंत जातो. झोत फिरायला लागले की खांब झालेलं पोरगंही नाचल्यासारखं दिसतं, आणि आई-बाप कृतार्थ होतात. शार्पीचा झोत दिसायचा तर हवेत काहीतरी तरंगत असावं लागतं, नुसत्या स्वच्छ हवेत तो दिसत नाही. मोठ्या शहरात त्यासाठी धुराचं मशीन लावतात. आमच्याकडे आधी शंभर पोरांची लेझीम ठेवतात. मैदानाची माती एकदा उठली की पुढचे तीन नाच पुरते. अण्णा कार्यक्रमपत्रिका मागून घेतात ती एवढ्याचसाठी. लेझीम शेवटी टाकलेली दिसली तर बिलात धुराचं मशीन चढतं.

अण्णांच्या स्वस्तातल्या एलईडी पारमध्ये एक बटण असतं. त्यांच्या मते ती या शतकातली सर्वांत मोठी सोय. त्याला ते ‘साउंडवर टाकणं’ म्हणतात. दिव्याच्या पोटात बारकासा माईक असतो. आवाजाचा ठोका आला की रंग बदलतो. म्हणजे बोर्डावर माणूस बसवायला नको, अण्णा चहाला मोकळे. अडचण अशी की दिव्याला गाणं आणि भाषण यातला फरक कळत नाही. एका वर्षी अण्णा चहाला गेले आणि संस्थेच्या अध्यक्षांचं भाषण साउंडवरच झालं. अध्यक्षांचा आवाज मुळात दमदार. ते ‘शिक्षण’ म्हणाले की हिरवे व्हायचे, ‘संस्कार’ म्हणाले की लाल. “या मातीत” म्हणून त्यांनी टेबलावर हात आपटला आणि जांभळे झाले. समोर हशा पिकला. आपल्या विनोदबुद्धीला दाद मिळतेय असं वाटून अध्यक्षांनी आणखी वीस मिनिटं घेतली. त्यानंतर कितीतरी दिवस ते म्हणत होते की यंदाचा श्रोता रसिक होता.

असं सगळं सुरळीत चाललं असताना आमच्याकडे कंटेंपररी आलं.

ते टीव्हीवरून आलं होतंच. स्पर्धांतल्या पोरी धावत येऊन जमिनीवर घसरायच्या आणि परीक्षकांच्या डोळ्यांत पाणी यायचं. पण पुण्याला रीतसर नाच शिकून आलेल्या एक मॅडम आमच्याकडे लागल्या आणि त्यांनी आठ पोरी घेऊन पंधरा मिनिटांचा एक नाच बसवला. विषय दुष्काळ. आमच्याकडे दुसरा विषय सुचणं अवघडच. पोरी उभ्या कमी आणि जमिनीवर जास्त. मधला मोठा भाग तर संगीताशिवाय, नुसत्या श्वासावर. तालमीला अण्णा हजर होते. त्यांनी पूर्ण नाच शांतपणे पाहिला आणि काळजीनं विचारलं, “मॅडम, पेनड्राईव्ह बंद पडला का?”

मग मॅडमनी लाईटचा कागद काढला. कागदावर लिहिलं होतं: सुरुवातीला पूर्ण अंधार. मग उजवीकडून, घोट्याच्या उंचीवर, एकच लाईट, हळूहळू. समोरून काहीही नको. वरून काहीही नको. रंग नको. शार्पी नको.

अण्णांनी कागद दोनदा वाचला, उलटा करून मागे काही आहे का पाहिलं. “मॅडम,” ते म्हणाले, “आपुन पैसे लाईटचे घेतलेत. अंधाराचे न्हाईत. अंधार हितं फुकट मिळतोय.”

मॅडम चिकाटीच्या. त्यांनी समजावलं, की समोरून झोत टाकला तर माणूस भिंतीवरच्या पोस्टरसारखा सपाट दिसतो. बाजूनं टाकला की हाताची, पाठीची, पोटरीची कड उमटते, शरीराला जाडी येते, आणि हालचाल दिसते ती त्या जाडीमुळे. हे काही त्यांच्या मनचं नव्हतं. अमेरिकेत मार्था ग्रॅहमच्या नाचांना प्रकाश देणाऱ्या जीन रोझेंथाल या बाईंनी गेल्या शतकात हा बाजूच्या उजेडाचा रिवाज पक्का केला, आणि आज जगभरच्या नृत्य-रंगमंचावर विंगेत पायाच्या उंचीपासून डोक्याच्या वरपर्यंत दिव्यांची शिडी उभी असते. जमिनीलगतचा दिवा महत्त्वाचा, कारण त्याचा उजेड फरशीवर पसरत नाही, नाचणारा जमिनीपासून सुटा दिसतो.

“ते समदं बरोबर हाय,” अण्णा म्हणाले. “पण तोंड?”

“तोंड नाही दिसलं तरी चालेल. शरीर दिसलं पाहिजे.”

“तुमाला चालंल. ह्या पोरीची आई सलगरा दिवटीहून आलीया एसटीनं, मुक्कामाला. तोंड दिसलं न्हाई तर आठातली आपली कोंची, हे ती कशी वळखणार? पोटरीवरनं?”

मॅडम गप्प झाल्या. मीही. नृत्यातल्या प्रकाशावर मी जे थोडंफार वाचलंय त्यात हा मुद्दा कुणी काढलेला नाही, आणि तो खोडूनही काढता येत नाही. आमच्या प्रेक्षकातला निम्मा भाग नाच बघायला आलेलाच नसतो. तो आपलं पोर बघायला आलेला असतो. अण्णा गेली कित्येक वर्षं त्या निम्म्यांचे प्रतिनिधी म्हणून बोर्डावर बसलेत.

अण्णांचं मन वळावं म्हणून मी त्यांना लोई फुलरची गोष्ट सांगितली. ही अमेरिकन बाई 1892 मध्ये पॅरिसच्या फोलीज बर्जेरमध्ये नाचली. रेशमाचा भलामोठा झगा, हातात काठ्या, त्या काठ्यांनी झगा घुमवायचा आणि त्यावर चहूबाजूंनी रंगीत विजेचे झोत. पायाखाली काच आणि काचेखालूनही दिवा. बाई दिसायचीच नाही, नुसता रंग फिरायचा. दिवेवाल्यांची पलटण ती स्वतः हाताळायची, काही युक्त्यांचं पेटंटही घेतलं होतं. अण्णा चहा पिता पिता थांबले. “बाई आपल्या लाईनीतली,” एवढंच म्हणाले, पण फार आदरानं. पुढे मी सांगितलं की क्युरी पतिपत्नींनी रेडियम शोधल्यावर, अंधारात चमकणारे पंख करावेत म्हणून तिनं त्यांना पत्र लिहून रेडियम मागितलं, आणि ते शक्य नाही असं त्यांनी कळवलं.

“रेडियम?” अण्णा म्हणाले. “त्येला काय पत्र लिवायचं? स्टँडच्या मागं मिळतंय की. उसाच्या गाड्यांला लावत्यात.”

अण्णांना कलेचं वावडं आहे असं मात्र नाही. 2017 मध्ये अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन उस्मानाबादला झालं, जयंत सावरकर अध्यक्ष होते. त्या संमेलनाला केबल आपण पुरवली, असं सांगणारे अण्णा जिल्ह्यात इतके आहेत की ती सगळी केबल एकापुढे एक टाकली तर नळदुर्गाला वळसा घालून उरेल. आमचे अण्णा केबलवर थांबत नाहीत. मुंबईहून आलेल्या एका प्रकाशयोजनाकारानं आपल्याला ‘उस्ताद’ म्हटलं, असं ते सांगतात. मग हळूच पुस्ती जोडतात, “म्हंजे म्हणाला, ‘उस्ताद, जरा बाजूला व्हा.’”

त्यांचं एक जुनं दुःखही आहे. तुळजापूरकडच्या एका लग्नानंतरचा गोंधळ यजमानांनी हौसेनं स्टेजवर ठेवला आणि अण्णांना सुपारी दिली. अण्णांनी जीव ओतला: चार पार, दोन शार्पी, मागे लुकलुकती माळ. गोंधळी आले. संबळ, तुणतुणं, झांज मांडून झाली. दिवटीला चिंध्या गुंडाळल्या, बुधलीतलं तेल ओतलं, पेटवली. आणि म्होरक्या अण्णांकडे बघून म्हणाला, “ते तुमचं तेवढं बंद करा. आईची दिवटी दिसंना.”

अण्णांनी बंद केलं आणि खाली येऊन बसले. तिथं त्यांनी जे पाहिलं ते ते अजून सांगतात, तक्रारीच्या सुरात. गोंधळी दिवटी घेऊन गिरकी घेतो तशी त्याची सावली मागच्या कनातीवर वाढते, आढ्याला जाते, पुन्हा पायाशी येते. संबळ चढला की ज्योत वाकते. तुळजापूरला नवरात्रात आराधी पोत खेळवतात तेव्हाही हेच: हात फिरेल तिकडे उजेड, उजेड जाईल तिकडे नजर. प्रकाश आणि हालचाल यांचं नातं काय, यावर मोठ्या शहरांतून परिसंवाद होतात. आमच्याकडे ते कितीतरी काळापासून एकाच मुठीत आहे, आणि वर त्याला तेल घालायला बुधली आहे. “बोर्ड न्हाई, वायर न्हाई, आपरेटर न्हाई,” अण्णा सांगतात. “नाचणाराच लाईटवाला! मग आमी काय करायचं?”

गॅदरिंगच्या रात्री मॅडमचा नाच लेझीमनंतर ठेवला होता. धूळ छान उठली होती. निवेदकानं नाव पुकारलं, आणि ठरल्याप्रमाणे पूर्ण अंधार झाला.

मराठवाड्यातल्या प्रेक्षकाला अंधाराचा एकच अर्थ माहीत आहे. पहिल्या सेकंदाला शिट्ट्या. दुसऱ्याला “लाईट गेली रे!” मोबाईलच्या बॅटऱ्या लागल्या. एका आजोबांनी चपला शोधायला सुरुवात केली. आणि मंडपामागे अण्णांच्या मोबाईल सांभाळणाऱ्या पोरानं, ज्याला नोकरीत एकच गोष्ट पक्की शिकवली होती, जीव तोडून जनरेटरची दोरी ओढली. जनरेटर धडधडला, मंडपातल्या झाडून सगळ्या ट्यूब लागल्या आणि त्या लख्ख पांढऱ्या उजेडात दुष्काळात मरून पडलेल्या आठ पोरी डोळे किलकिले करून उठून बसल्या. जनरेटरच्या आवाजानं साउंडवर राहिलेला एक पार हिरवा-निळा-हिरवा होत राहिला. सलगरा दिवटीच्या माऊलीनं मात्र हात वर केला: “ती बगा आमची, डावीकडून तिसरी!”

पडदा पाडला. मॅडम विंगेत रडत होत्या. आणि इथं अण्णांनी जे केलं ते मला अनपेक्षित होतं. त्यांनी पोराच्या पाठीत एक घातली, जनरेटर बंद केला, एलईडीच्या सगळ्या वायरी उपटल्या आणि छोट्या हत्तीच्या तळातून एक हजार वॅटचा जुना हॅलोजन पार आणि एक काळा डिमर बाहेर काढला. “एलईडीचं स्वस्तातलं खोकं अंधारातनं उटताना दचकतंय, पायरी पायरीनं येतंय,” ते मला म्हणाले. “हे सावकाश येतंय. आधी तांबडं, मग पिवळं, मग पांढरं.” त्यांच्या वडलांच्या काळी, म्हणे, मिठाच्या पाण्याच्या रांजणात पत्रे खाली-वर करून उजेड कमी-जास्त करायचे, पत्रे जवळ आले की उजेड वाढायचा, पाणी उकळायचं, आणि हात लागला तर माणूस जायचा. अण्णांनी तो पार उजवीकडच्या कनातीआड जमिनीवर ठेवला, खाली वीट लावली, घोट्याची उंची स्वतःचा पाय ठेवून मोजली. मग निवेदकाचा माईक घेतला.

“आता अंधार होईल,” अण्णांनी जाहीर केलं. “लाईट गेलेली न्हाई. घाबरू नका, चपला शोधू नका. अंधार आमीच केलाय.”

मैदान खरंच गप्प झालं. मी अण्णांच्या शेजारी उभा होतो, त्यामुळे नाच निम्माच पाहिला आणि अण्णांचा अंगठा पुरता पाहिला. काळ्या बटणावर तो अंगठा होता, नखात इन्सुलेशनचा चिकटा. पहिल्या पोरीनं जमिनीवरून मनगट उचललं आणि अंगठा केसभर सरकला. तिनं कोपर उचललं, तो आणखी सरकला. ती थांबली, तो थांबला. तालमीत मॅडमनी ‘दहा आकड्यांत पूर्ण उजेड’ सांगितलं होतं. अण्णा आकडे मोजत नव्हते, तिच्याकडे बघत होते. लेझीमची धूळ त्या एका तिरप्या उजेडात तरंगत होती, पोरी त्यातून घसरल्या की मागे मातीचा पट्टा राहायचा. दुष्काळावरच्या नाचाला ती धूळ लाख मोलाची होती, आणि ती कुणी योजली नव्हती. बिनसंगीताचा भाग आला. मागच्या बाजूला एक तान्हं रडलं, तेवढंच. शेवटी सगळ्या पोरी उठून उजेडाच्या दिशेनं चालत आल्या, तेव्हा अण्णांनी डाव्या हातानं समोरचा एक लहान दिवा हळूच चढवला. कागदात तो नव्हता. आठही तोंडं दिसली.

मॅडमनी नंतर त्याबद्दल विचारलं. अण्णा म्हणाले, “तेवढं एसटीच्या तिकिटापुरतं, मॅडम.”

टाळ्या झाल्या, पण लावणीला झाल्या त्याच्या निम्म्या, हे सांगायला हवं. तरी अण्णांना तेवढ्या पुरल्या, आणि तिथून पुढे जिल्ह्याचे हाल सुरू झाले. अण्णांना अंधार सापडला होता. आता ते प्रत्येक कार्यक्रमात ब्लॅकआऊट मागतात. कोळीगीताच्या मध्येच होडी बुडाल्यासारखा अंधार होतो. एका लग्नात सप्तपदीचं पाचवं पाऊल अंधारात पडलं आणि मुलाकडच्यांनी दागिने मोजले. शिवजयंतीच्या पोवाड्यात अफझलखान भेटीला आला नेमका तेव्हा अण्णांनी अंधार केला. उजेड झाला तोवर खान विंगेत पळालेला होता, कारण त्याला वाटलं प्रसंग संपला. विचारलं तर अण्णा डोळे मिटून म्हणतात, “आवो सर, समदंच दाखवायचं नसतंय.” हे वाक्य मॅडमचं आहे. अण्णांनी ते आता तालुकाभर आपल्या नावावर खपवलंय, आणि समोरचा नुसता ‘बरं’ म्हणाला तर ‘साईड लाईट’ हा विषय काढतात. साउंडचं बटण त्यांनी चिकटपट्टीनं बंद करून टाकलंय. संस्थेचे अध्यक्ष मात्र यंदाच्या भाषणाला पूर्वीचा श्रोता राहिला नाही म्हणून खट्टू झाले.

गॅदरिंगनंतर आठवड्यानं अण्णा हिशेबाला आले आणि कुणीही न मागता त्यांनी पावतीपुस्तक काढलं. कारकून उठून उभा राहिला. ‘जि. उस्मानाबाद’वर पेनानं काट मारून धाराशिव लिहिलेलं होतं. खाली सुवाच्य अक्षरात यादी: पार, शार्पी, जनरेटर, डिझेल. शेवटची ओळ, ‘ब्लॅकआऊट – 4 नग’, आणि पुढे दर.

“अण्णा, अंधाराचे पैसे?” कारकुनानं विचारलं.

“सोपा हाय व्हय करायला? लाईट जायला काय, कुणीबी घालवतंय. पण अंधार टिकवायला माणूस लागतंय.”

कारकुनानं मान हलवली, चष्मा पुसला. रकमेबद्दल त्याचं म्हणणं नव्हतं. ‘अंधार’ कुठल्या हेडखाली टाकायचा, हा प्रश्न होता. विद्युत साहित्यात टाकला तर लेखापरीक्षक साहित्य दाखवा म्हणतील. बराच खल झाला. मुख्याध्यापकांचं मत ‘किरकोळ’मध्ये टाकावं असं पडलं, त्यावर अण्णा भडकले आणि पावती परत मागू लागले. शेवटी ते चार नग ‘मंडप व कनात’ या सदरात गेले आणि अण्णांनी व्हाउचरवर सही केली. मग जाता जाता दारातून विचारलं, की पुढच्या वर्षी मॅडमचा नाच अर्ध्या तासाचा करता येईल का, म्हणजे नग वाढतील.